फ्लॅश मेमरी कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधील प्रतीक्षा-मुदत : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील क्षेत्रीय नोंदींच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत विज्ञानाच्या साधनांची दोन टोके एकाच परिसरात पाहावयास मिळतात. नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप अर्थात जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभी आहे. त्याच शिवारात उसाच्या फडांतून वावरणाऱ्या बिबट्याचा माग झाडाला किंवा खांबाला बांधलेल्या लहानशा कॅमेरा ट्रॅपद्वारे घेतला जातो. पहिल्या साधनामागे मोठी संस्था, स्वतंत्र इमारत आणि अभियंत्यांचा ताफा आहे. दुसऱ्यामागे चार-सहा बॅटऱ्या व नखाएवढे एक मेमरी कार्ड असते. रात्रभर रानात घडलेल्या घटनांचा एकमेव पुरावा त्या कार्डावर असतो.

हे कार्ड आणि उपकरणातील संगणक यांच्यामध्ये ड्रायव्हर सॉफ्टवेअर असते. ड्रायव्हर कार्डाला आज्ञा देतो, उत्तराची वाट पाहतो आणि ठरावीक काळात उत्तर न आल्यास वाट पाहणे सोडून देतो. या ठरावीक काळालाच टाइमआउट म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'प्रतीक्षा-मुदत' किंवा नुसता 'मुदत' हा शब्द वापरला आहे. वरवर पाहता हा सॉफ्टवेअरमधील एक किरकोळ आकडा वाटतो. तथापि, हा आकडा कोणी, कशाच्या आधारे ठरवला आणि मुदत संपल्यावर काय करावयाचे याचा विचार झाला किंवा नाही, यावर नोंदींची विश्वसनीयता अवलंबून असते. म्हणून मेमरी कार्डाचे अधिकृत विनिर्देश, लिनक्स कर्नेलमधील ड्रायव्हर आणि अर्डुइनोसोबत येणारी एसडी लायब्ररी या तीन संहितांची या दृष्टीने चिकित्सा करणे आणि त्यातून क्षेत्रीय अभ्यासाला कोणता धोका संभवतो हे दाखवणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

मुदतीचे दोन प्रकार

मेमरी कार्डाच्या व्यवहारात दोन वेगवेगळ्या मुदती असतात आणि त्यांची गल्लत केल्यास पुढील सर्व विवेचन फसते.

पहिली मुदत आज्ञेच्या पोचपावतीची. आज्ञा मिळाल्यावर कार्डाने जास्तीत जास्त ६४ क्लॉक ठोक्यांच्या आत प्रतिसाद सुरू करावा, असा नियम आहे. क्लॉक २५ मेगाहर्ट्झचा असेल तर हा काळ २.५६ मायक्रोसेकंद होतो. आरंभीच्या ४०० किलोहर्ट्झच्या संथ क्लॉकवर तोच १६० मायक्रोसेकंद होतो. ही मुदत नेमकी आहे, कारण आज्ञा ओळखून पोच देणे हे कार्डातील नियंत्रकाचे साधे काम आहे. या मुदतीत पोच आली नाही तर कार्ड जागेवर नाही, त्याला ती आज्ञा मान्य नाही किंवा जोडणीत दोष आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

दुसरी मुदत प्रत्यक्ष माहिती वाचण्याची किंवा लिहिण्याची. ५१२ बाइटचा एक ब्लॉक कार्डाकडे पाठवला की कार्ड तो स्वीकारल्याची खूण देते आणि मग आपली एक माहितीवाहिनी खालच्या पातळीवर धरून 'काम चालू आहे' असे सुचवते. हे काम किती वेळ चालेल हे बाहेरून कळत नाही. नँड फ्लॅश स्मृतीचा विशेष असा की तिच्यात लिहिण्याचे एकक लहान, तर पुसण्याचे एकक त्याहून पुष्कळ मोठे असते. आणि एकदा लिहिलेल्या जागी पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून कार्डातील नियंत्रक नवी माहिती दुसरीकडे लिहितो, पत्त्यांचा तक्ता बदलतो, जुन्या जागा गोळा करून पुसतो आणि सर्व भागांची झीज सारखी राहावी अशी फिरवाफिरवी करतो. बहुतेक वेळा ब्लॉक एखाद-दोन मिलिसेकंदांत लिहून होतो. परंतु नेमकी त्याच क्षणी आवराआवर करण्याची वेळ आली, तर त्याच आकाराच्या ब्लॉकला शेकडो मिलिसेकंद लागू शकतात. सरासरी उत्तम आणि एखादा प्रसंग अतिशय वाईट, असे या कामाचे स्वरूप आहे. मुदत मात्र सरासरीवरून ठरवून चालत नाही. ती त्या वाईट प्रसंगाला पुरणारी असावी लागते.

तीन संहिता, तीन आकडे

एसडी कार्डाच्या विनिर्देशांत साध्या क्षमतेच्या कार्डांसाठी मुदत काढण्याची रीत अशी आहे : कार्डाच्या माहिती-नोंदवहीत दिलेल्या सामान्य वेळेची शंभरपट किंवा वाचनासाठी १०० आणि लेखनासाठी २५० मिलिसेकंद, यांपैकी जे कमी असेल ते. एसडीएचसी कार्डांसाठी ही गणना काढून टाकून १०० व २५० हे आकडेच निश्चित केले गेले. २००९ मध्ये जाहीर झालेल्या एसडीएक्ससी प्रकारात लेखनाची मर्यादा ५०० मिलिसेकंद झाली. कार्ड २५० मिलिसेकंद सांगत असले तरी यजमान संगणकाने ५०० मिलिसेकंदांहून अधिक वाट पाहावी, अशी आग्रहाची शिफारसही विनिर्देशांत आली. हे वाक्य चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कार्ड बनवणाऱ्यावर एक मर्यादा घालावयाची आणि कार्ड वापरणाऱ्याला तिच्या दुप्पट धीर धरण्यास सांगावयाचे, याचा अर्थ ती मर्यादा पाळली जाईलच याची खात्री खुद्द नियमकर्त्यांनाही नाही.

लिनक्स कर्नेलमधील एमएमसी विभागाचा इतिहास याला पुष्टी देतो. तेथे एसडी कार्डाच्या लेखनाची मुदत एके काळी ३०० मिलिसेकंद होती. खरी मर्यादा २५० असली तरी काही निकृष्ट कार्डांना ती अपुरी पडते, असा शेरा सोबत होता. पुढे ३०० सुद्धा काही कार्डांना पुरत नाहीत असे आढळले आणि मुदत थेट ३ सेकंदांवर, म्हणजे मूळ नियमाच्या बारा पटींवर नेण्यात आली. वाचनाबाबतही तसेच घडले. मायक्रॉन कंपनीच्या काही एमएमसी कार्डांना त्यांनी स्वतः सांगितलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणून त्यांच्यासाठी अपवादाची खूण ठेवून ६०० मिलिसेकंदांची मुदत दिली गेली. तपासलेल्या कार्डांना ती पुरली, एवढाच तिचा आधार. एसपीआय या साध्या जोडणीतून कार्ड चालवताना सलग माहिती लिहीत राहिल्यास ९०० मिलिसेकंदांचा विलंब पाहण्यात आला, म्हणून तेथे लेखनाला किमान १ सेकंदाची मुदत ठेवली गेली.

तिसरी संहिता महाविद्यालयीन प्रकल्पांच्या परिचयाची आहे. अर्डुइनोसोबत येणाऱ्या एसडी लायब्ररीत आरंभासाठी २००० मिलिसेकंद, पुसण्यासाठी १०,०००, वाचनासाठी ३०० आणि लेखनासाठी ६०० मिलिसेकंद अशा मुदती दिलेल्या आहेत. ही लायब्ररी कार्डाशी एसपीआय जोडणीनेच बोलते. म्हणजे ज्या जोडणीवर लिनक्सच्या अनुभवात ९०० मिलिसेकंदांचा विलंब दिसला, त्याच जोडणीवर येथे ६०० मिलिसेकंदांनंतर वाट पाहणे सोडले जाते. अर्डुइनोचा वेग मंद असल्याने कार्डावर सलग माहितीचा तेवढा मारा होत नाही, असा बचाव यावर करता येईल आणि काही अंशी तो ग्राह्यही आहे. परंतु आवराआवरीचा विलंब केवळ वेगावर अवलंबून नसतो. कार्ड किती भरले आहे, किती झिजले आहे आणि त्याचा नियंत्रक कसा आहे, यांवरही तो अवलंबून असतो. त्यामुळे हा बचाव पुरेसा ठरत नाही.

तिन्ही संहितांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, याचे कारण कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. विनिर्देशातील आकडा हा करार आहे, लिनक्समधील आकडा हा अनुभव आहे आणि लायब्ररीतील आकडा हा सोयीचा अंदाज आहे. या तिघांत लिनक्सची संहिता सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण आकड्यामागचे कारण तिने आकड्याशेजारीच लिहून ठेवले. तिच्यात उणीवही आहे. अपवादाची खूण ठेवताना कार्डाची ओळख नोंदली गेली. परंतु सर्वसाधारण मुदत वाढवताना 'काही कार्डे' एवढाच उल्लेख उरला. कोणती कार्डे, किती जुनी, कोणत्या परिस्थितीत, हे कळण्याचा मार्ग वाचकाला राहिला नाही. त्यामुळे हा ३ सेकंदांचा आकडा पुढे कधी कमी करता येईल किंवा आणखी वाढवावा लागेल, हे त्या संहितेतून ठरवता येत नाही.

मुदत वाढवण्याच्या उपायाची मर्यादा

मुदत अपुरी पडत असेल तर ती वाढवावी, हा सहज सुचणारा उपाय आहे. त्याला तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा यंत्राची. संगणकातील प्रमाणित एसडी यजमान-नियंत्रकात मुदत मोजणारे घड्याळ असते आणि ते जास्तीत जास्त २ चा २७ वा घात, म्हणजे १३,४२,१७,७२८ ठोके मोजू शकते. त्याचा क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा असेल तर ही कमाल मुदत सुमारे २.६८ सेकंद भरते. याचा अर्थ अशा यंत्रावर ड्रायव्हरने ३ सेकंद मागितले तरी यंत्र ते देऊ शकत नाही. म्हणून ड्रायव्हर एक तर कमाल मूल्यावर समाधान मानतो किंवा यंत्राचे घड्याळ बाजूला ठेवून सॉफ्टवेअरचे घड्याळ वापरतो. यंत्राकडून कोणतीच सूचना न आल्यास १० सेकंदांनी जागे होणारे सॉफ्टवेअरचे घड्याळ या ड्रायव्हरमध्ये आहेच.

दुसरी मर्यादा थरांची. कार्डाच्या वर यजमान-नियंत्रक, त्यावर ड्रायव्हर, त्यावर फाइल-व्यवस्था आणि सर्वांत वर उपकरणाचा मुख्य कार्यक्रम असे थर असतात. आतल्या थराची मुदत बाहेरच्या थरापेक्षा कमी असली पाहिजे. अन्यथा आतले काम चालू असतानाच बाहेरचा थर कंटाळून निघून जातो. बॅटरी वाचवण्यासाठी काही सेकंदांतच झोपी जाणाऱ्या उपकरणात ३ सेकंदांची मुदत आणि तिचे दोन-तीन पुनःप्रयत्न म्हणजे ड्रायव्हर वाट पाहत असतानाच वीज बंद होण्याची शक्यता. लेखन चालू असताना वीज जाणे हा मेमरी कार्डावरील सर्वांत वाईट प्रसंग होय.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. मुदत कितीही वाढवली तरी 'संथ' आणि 'मृत' यांतील फरक ती सांगू शकत नाही. तो फरक ओळखण्याचा क्षण ती केवळ पुढे ढकलते. येथे खोडदच्या दुर्बिणीशी तुलना उपयुक्त ठरते. तेथील अँटेना मध्यवर्ती इमारतीशी प्रकाशतंतूंनी जोडलेल्या आहेत. तंतूतून प्रकाशाला प्रत्येक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे २५ किलोमीटर लांबीच्या तंतूलाही सव्वाशे मायक्रोसेकंद पुरतात. अशा मार्गावरील विलंबाची किमान मर्यादा भौतिकशास्त्रावरून काढता येते व मुदतीला भक्कम आधार मिळतो. मेमरी कार्डाचे अंतर काही सेंटिमीटरच असते, पण त्याचा विलंब अंतरावर अवलंबून नसून आतल्या बंद कारभारावर अवलंबून असतो. उत्पादक तो कारभार उघड करीत नाहीत. म्हणून कार्डाची मुदत ही मोजणी नसून माहितीच्या अभावी बांधलेला अंदाज असते आणि अंदाजाला अंदाज म्हणूनच वागवले पाहिजे.

मुदत संपल्यानंतर

यावरून खरा प्रश्न मुदत किती असावी हा नसून मुदत संपल्यावर काय करावे हा आहे, हे लक्षात येते. लेखनाची मुदत संपली याचा अर्थ लेखन झाले नाही असा होत नाही. ते पूर्ण झाले असेल, अर्धवट झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल. या तीन शक्यतांत निवाडा करण्यासाठी विनिर्देशांनी साधने दिलेली आहेत. चालू व्यवहार थांबवण्याची आज्ञा, कार्डाची स्थिती विचारण्याची आज्ञा आणि नीट लिहिल्या गेलेल्या ब्लॉकांची संख्या विचारण्याची आज्ञा, ही त्यांपैकी प्रमुख होत. लिनक्सचा ड्रायव्हर या साधनांचा वापर करतो. गरजेनुसार पुन्हा प्रयत्न करतो, कार्ड नव्याने सुरू करून पाहतो आणि तरीही यश न आल्यास वरच्या थराला त्रुटी कळवतो. त्याच्या संदेशांत 'उणे ११०' हा मुदत संपल्याचा संकेतांक असतो, तर 'उणे ८४' हा माहिती बिघडल्याचा. दोन दोषांना दोन नावे आहेत, ही त्या संहितेची मोठी जमेची बाजू आहे.

तोच ब्लॉक त्याच पत्त्यावर पुन्हा लिहिणे सहसा निर्धोक असते, कारण पहिले लेखन झालेले असले तरी दुसऱ्याने काही बिघडत नाही. परंतु फाइल एका ब्लॉकाची नसते. छायाचित्राची माहिती, जागावाटपाचा तक्ता आणि निर्देशिकेतील नोंद अशी तीन ठिकाणी लेखने होतात. शेवटचे लेखन हुकले तर छायाचित्र कार्डावर असूनही फाइलींच्या यादीत दिसत नाही. अशा वेळी कार्ड पुन्हा वापरात घेण्यापूर्वी पुनर्प्राप्तीचा प्रयत्न केल्यास ते मिळू शकते. पण काही हरवले आहे हे कोणाला ठाऊक असेल तरच तो प्रयत्न होईल.

अर्डुइनोच्या लायब्ररीतही मुदत संपल्याचा संकेतांक नोंदला जातो आणि लेखनाचे फलन अपयशाचे मूल्य परत देते. त्रुटी येथपर्यंत नीट पोहोचते आणि नेमकी येथेच हरवते. लायब्ररीसोबत येणाऱ्या माहिती-नोंदणीच्या नमुना कार्यक्रमात फाइल उघडली गेली की नाही हे तपासलेले आहे, परंतु ओळ लिहिली गेली की नाही हे तपासलेले नाही. फाइल न उघडल्याचा संदेशही जोडलेल्या संगणकाच्या पडद्यासाठी आहे. प्रयोगशाळेत तो पडदा समोर असतो. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरात तो नसतो. तेथे तो संदेश वाचणारे कोणीही नसते.

शून्य आणि अभाव

आता या तांत्रिक प्रश्नाचे क्षेत्रीय मोल पाहू. जुन्नर परिसरात २००१ ते २००३ या काळात बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वाढले. पकडलेल्या बिबट्यांना दुसरीकडे सोडण्याच्या उपायाने हल्ले कमी न होता उलट वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी' या नियतकालिकात मांडले. त्यांच्याच गटाने जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात कॅमेरा ट्रॅप लावून शेतीप्रधान मानवी वस्तीच्या प्रदेशात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. बिबटे अभयारण्यातून चुकून येत नाहीत, ते उसातच राहतात, हे विधान अशा नोंदींमुळे पुराव्याच्या पातळीवर आले. पिंजरा कोठे लावावा, कोणत्या वाडीला सावध करावे, यांसारखे निर्णय अशा पुराव्याच्या आधारे घ्यावे लागतात.

कॅमेरा ट्रॅपच्या नोंदींवरून संख्येचा अंदाज काढण्याच्या पद्धतीत दोन गोष्टी मोजल्या जातात : बिबट्या किती वेळा दिसला आणि कॅमेरा किती रात्री चालू होता. कॅमेरा चालू होता व काही दिसले नाही, ही एक माहिती आहे. कॅमेरा नोंद घेऊ शकला नाही, ही वेगळी माहिती आहे. पहिलीला 'शून्य' आणि दुसरीला 'अभाव' म्हणता येईल. अभावाची रात्र एकूण रात्रींतून वजा करावी लागते, शून्याची रात्र करता येत नाही. मुदत संपल्यावर ड्रायव्हर व त्यावरील कार्यक्रम गप्प राहिले, तर अभाव शून्याच्या वेषात तक्त्यात शिरतो. संशोधकापुढे येतो तो केवळ 'बिबट्या आढळला नाही' असा रकाना.

हरवलेल्या नोंदी योगायोगाने विखुरलेल्या असत्या तर संख्याशास्त्राने त्यांची काही भरपाई करता आली असती. परंतु वरील विवेचनावरून दिसते की सर्वांत मोठे विलंब सलग लेखनाच्या वेळी, कार्डाचा अंतर्गत साठा भरून वाहू लागल्यावर येतात. कॅमेऱ्यात सलग लेखन केव्हा होते? प्राणी समोर रेंगाळतो तेव्हा, मादीसोबत पिल्ले असतात तेव्हा, किंवा एकामागून एक चित्रे टिपली जातात तेव्हा. म्हणजे जेथे पाहण्यासारखे सर्वाधिक असते, तेथेच नोंद हरवण्याचा संभव सर्वाधिक. असा अभाव निःपक्षपाती नसतो.

पावसाच्या नोंदींना हाच युक्तिवाद लागू पडतो. आंबेगाव तालुक्यात पश्चिमेचा घाटमाथा अतिवृष्टीचा, तर पूर्वेचा भाग कमी पावसाचा आहे; त्यामुळे एका ठिकाणच्या पर्जन्यमापकावरून दुसऱ्या ठिकाणचा अंदाज बांधता येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर दरड कोसळून दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून डोंगरउतारावरील गावाजवळच पाऊस मोजण्याची निकड सर्वमान्य झाली आहे. कमी खर्चाच्या स्वयंचलित पर्जन्यमापकात झुकणारी लहान वाटी असते. ती भरून झुकली की एक नोंद होते. ज्या उपकरणात प्रत्येक झुकण्याची नोंद लगेच कार्डावर लिहिली जाते, तेथे पाऊस जितका जोराचा, तितकी लेखने दाट. कार्डाने ऐन वेळी दीर्घ विलंब लावला आणि कार्यक्रमाने अपयशाकडे दुर्लक्ष केले, तर अतिवृष्टीचा तास मध्यम पावसाचा तास म्हणून नोंदला जातो. अशा नोंदीवर आधारलेली धोक्याची पातळी चुकते आणि ती चूक नेहमी एकाच, म्हणजे धोका कमी दाखवण्याच्या दिशेने होते.

खोडदचा धडा

शून्य आणि अभाव यांतील भेद पाळण्याचा आदर्श शोधण्यासाठी या परिसराबाहेर जाण्याची गरज नाही. रेडिओ खगोलशास्त्रात मोबाइल मनोरे, वीजवाहिन्या किंवा विजेची उपकरणे यांच्यामुळे येणारा व्यत्यय ही नित्याची गोष्ट आहे. व्यत्ययाने बिघडलेल्या निरीक्षणाच्या जागी शून्य लिहिले जात नाही. त्यावर 'अग्राह्य' अशी खूण केली जाते आणि प्रतिमा तयार करताना ते वगळले जाते. शून्य लिहिले असते तर आकाशाच्या त्या भागातून काहीच आले नाही असा खोटा अर्थ झाला असता. खूण केलेली माहिती संख्येने कमी होते, पण उरलेली माहिती खरी राहते. हीच शिस्त नखाएवढ्या कार्डावर नोंदी ठेवणाऱ्या उपकरणाला लावता येते आणि त्यासाठी मोठा खर्चही येत नाही.

अर्डुइनो उनोमधील एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरची कार्यस्मृती केवळ २ किलोबाइट असून त्यातील ५१२ बाइट कार्डाचा एक ब्लॉकच व्यापतो. म्हणून मोठा साठा करून ठेवणे तेथे शक्य नाही. परंतु त्याच मायक्रोकंट्रोलरमध्ये कार्डाहून स्वतंत्र, वीज गेली तरी टिकणारी १ किलोबाइटची ईप्रॉम स्मृती असते. लेखन किती वेळा अपयशी ठरले, पहिल्यांदा केव्हा आणि शेवटी केव्हा, एवढे तीन आकडे तिच्यात ठेवले तरी अभाव उघड होतो. पर्जन्यमापकात वाटीच्या झुकण्यांची एकूण बेरीज तेथे ठेवली, तर कार्डावरील नोंदी आणि ही बेरीज यांतील तफावत हीच हरवलेल्या पावसाची मोजणी ठरते. प्रत्येक कार्डात उत्पादकाचा क्रमांक, नाव, अनुक्रमांक आणि निर्मितीचा महिना असलेली ओळख-नोंदवही असते. ती उपकरण सुरू होताना फाइलीत उतरवून ठेवल्यास कोणती कार्डे संथ होतात याचा पुरावा आपोआप जमू लागतो. लिनक्सच्या संहितेत जी उणीव राहिली, ती स्थानिक पातळीवर अशा रीतीने भरून काढता येईल.

तयार कॅमेरा ट्रॅपचे सॉफ्टवेअर बंदिस्त असते आणि त्यात मुदत कशी हाताळली आहे हे खरेदीदाराला तपासता येत नाही. तेथे निदान वापराची शिस्त पाळता येते. कॅमेऱ्यासमोरून ठरावीक वेळा चालून जाऊन तेवढी चित्रे मिळतात का हे पाहणे, चित्रांच्या अनुक्रमांकांत खंड आहे का हे तपासणे, जुनी कार्डे वेळीच बाजूला काढणे आणि खंड आढळलेल्या रात्री 'अभाव' म्हणून नोंदवणे, हे उपाय कोणत्याही अभ्यासगटाच्या आवाक्यातील आहेत.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन प्रकल्पांचे मूल्यमापन बहुधा उपकरण चालते की नाही यावर होते. नोंदी ठेवणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत ही कसोटी अपुरी आहे. उपकरण चालू असताना परीक्षकाने कार्ड काढून घ्यावे, काही वेळाने परत बसवावे आणि मग विद्यार्थ्याला विचारावे की मधल्या काळात काय हरवले आणि ते नोंदीवरून कसे कळते. या एका कसोटीत संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संख्याशास्त्र या तिन्ही विषयांचा संबंध येतो. प्राणिशास्त्र व भूगोल विभागांना अशा नोंदी वापरावयाच्या असतात, तर उपकरणे बहुधा इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक विभागात तयार होतात. मुदतीचा आकडा एका विभागात ठरतो आणि त्याचे परिणाम दुसऱ्या विभागाच्या शोधनिबंधात दिसतात. या दोन्ही विभागांनी एकत्र बसून 'या नोंदीत रिकामा रकाना म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

१. पोचपावतीची मुदत नेमकी असते, तर वाचन-लेखनाची मुदत अंदाजाची असते. दोन्हींना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे.

२. विनिर्देशांतील २५० मिलिसेकंदांपासून लिनक्समधील ३ सेकंदांपर्यंतचा प्रवास पाहता, कार्डे लिखित मर्यादा पाळतातच असे गृहीत धरता येत नाही. अर्डुइनोच्या लायब्ररीतील ६०० मिलिसेकंद दीर्घकालीन क्षेत्रीय कामासाठी अपुरे पडू शकतात.

३. मुदत वाढवणे हा आवश्यक, पण अपुरा उपाय आहे. यंत्राची कमाल मर्यादा, थरांचा क्रम आणि बॅटरीची बचत या गोष्टी त्याला आड येतात.

४. मुदत संपल्याची वार्ता शेवटच्या तक्त्यापर्यंत पोहोचली पाहिजे. ती पोहोचली नाही तर अभाव शून्य म्हणून गणला जातो आणि ही चूक नेमकी अतिवृष्टीच्या तासाला किंवा प्राण्यांच्या सर्वाधिक वावराच्या रात्री होण्याचा संभव अधिक असतो.

५. ड्रायव्हरने वाट पाहणे सोडले हे सांगणारी एक ओळ नोंदीत असणे, हे ती वाट किती मिलिसेकंदांची होती यापेक्षा अधिक मोलाचे आहे. जुन्नरच्या उसातील बिबट्या आणि आंबेगावच्या डोंगरावरील पाऊस यांच्या नोंदी वाचणाऱ्याला जे दिसले नाही आणि जे नोंदले गेले नाही, या दोहोंतील अंतर त्या एका ओळीवरूनच कळू शकते.